शेवटचं कडवं गेलं तेव्हा : एरिक बोगल यांच्या दोन गाण्यांचं प्रकरण

प्रकरण अभ्यासात एरवी माणसाचं नाव झाकतात. इथे झाकून उपयोग नाही. गाण्याचा विषय सांगितला की ज्याला माहीत आहे तो गाणं लगेच ओळखेल. गंमत अशी की गाणं ओळखणाऱ्यांतले बरेचजण गीतकाराचं नाव सांगू शकणार नाहीत. ‘जुनं आहे, परंपरेतलं,’ म्हणतील. प्रकरणाची गाठ तिथेच आहे, म्हणून मुख्य नाव, युद्धविरोधी गाणी लिहिणारे गीतकार-गायक एरिक बोगल यांचं, ठेवलं आहे आणि मधल्या लहानसहान माणसांची नावं गाळली आहेत.

पार्श्वभूमी

एरिक बोगल यांचा जन्म २३ सप्टेंबर १९४४ चा, स्कॉटलंडच्या दक्षिण सीमाभागातल्या पीबल्सचा. ट्वीड नदीकाठचं, लोकरीच्या गिरण्यांचं हे छोटं गाव. वडील बॅगपाइप वाजवायचे. मुलगा लहानपणापासून कविता करायचा, गिटार स्वतःच शिकला, गावातल्या पोरांबरोबर बँडमध्ये वाजवू लागला. पोटासाठी मजुरी, कारकुनी, दारूच्या गुत्त्यावरचं काम, जे मिळेल ते केलं. १९६९ मध्ये पंचविशीत ते ऑस्ट्रेलियाला गेले. निघताना आईचा निरोप घेण्यावर त्यांनी पुढे ‘लीव्हिंग नॅन्सी’ हे गाणं केलं. नॅन्सी हे आईचंच नाव. माझ्या मते त्यांचं सगळ्यात आतलं गाणं तेच, पण हे प्रकरण त्याचं नाही.

कॅनबेरा परिसरात ते अकाउंटंट म्हणून काम करू लागले. दिवसा हिशेबाच्या वह्या, संध्याकाळी फोक क्लब. ब्रिटन-ऑस्ट्रेलियात तेव्हा असे क्लब गावोगावी होते. एखाद्या पबची मागची खोली, तीसचाळीस माणसं, माइक नाही, आणि गाणाऱ्याने गाणं कुठून उचललं हे सांगायची पद्धत. या खोल्यांत गाण्याचा धनी गाण्याइतका मोठा नसे. बोगल यांचं पुढचं वागणं समजायला ही सवय लक्षात ठेवावी लागते.

पहिला निर्णय : कोणत्या युद्धावर लिहायचं

१९७१ मध्ये कॅनबेरात त्यांनी ॲन्झॅक दिनाचं संचलन पाहिलं. २५ एप्रिल १९१५ रोजी ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या फौजा तुर्कस्तानात गॅलिपोलीला उतरल्या, त्याची ही आठवण. त्या मोहिमेत ऑस्ट्रेलियाचे ८,००० हून अधिक सैनिक मेले आणि मोहीम शेवटी गुंडाळावी लागली. एकीकडे म्हातारे सैनिक पदकं लावून चालत होते, दुसरीकडे त्यांची नातवंडं व्हिएतनामला जात होती. कोणाला बोलवायचं हे जन्मतारखांच्या सोडतीवर ठरे.

बोगल यांना बोलायचं होतं व्हिएतनामबद्दल. पण त्या युद्धावर थेट लिहिलं असतं तर निम्मा देश पहिल्या ओळीलाच कान बंद करून बसला असता. गॅलिपोली मात्र प्रत्येक घराच्या भिंतीवरच्या तसबिरीत होती. त्यांनी व्हिएतनामचा राग गॅलिपोलीच्या अंगावर चढवला. ‘अँड द बँड प्लेड वॉल्ट्झिंग माटिल्डा’ या गाण्यातला माणूस आधी पाठीवर बिऱ्हाड घेऊन हिंडणारा भटक्या. १९१५ मध्ये त्याला बोलावणं येतं. तो लढतो, तुर्की तोफगोळ्यात दोन्ही पाय घालवतो, जहाजाने परत येतो आणि म्हातारपणी ओसरीवर बसून दर एप्रिलला संचलन बघतो. प्रत्येक टप्प्यावर बँड ‘वॉल्ट्झिंग माटिल्डा’ वाजवत असतो. बँजो पॅटरसन यांनी १८९५ मध्ये लिहिलेलं हे भटक्याचं गाणं म्हणजे ऑस्ट्रेलियाचं जणू दुसरं राष्ट्रगीत. निघताना ते उत्साहाचं, प्रेतं पुरताना विटंबनेचं, गोदीत पाय नसलेली माणसं उतरवताना ऐकवत नाही असं. सूर तोच राहतो, अर्थ कडव्यागणिक फिरतो.

गाणं आधी आठ कडव्यांचं होतं. बोगल यांनी ते पाच कडव्यांवर आणलं. ही कापाकापी ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

तपशिलात चुका राहिल्या. ऑस्ट्रेलियन तुकड्या एप्रिलमध्ये ॲन्झॅक कोव्हला उतरल्या. गाण्यात मात्र सुव्हला उपसागर येतो, तिथलं उतरणं ऑगस्टचं आणि मुख्यतः ब्रिटिश फौजांचं. सैनिकाला गाण्यात लोखंडी टोप मिळतो, आणि ते टोप फौजेत आले १९१६ मध्ये. ‘गॅलिपोली’पेक्षा ‘सुव्हला’ ओळीत बसवायला सोपं गेलं, असं बोगल यांनी सरळ सांगून टाकलं आहे. इतिहासवाले अजून नाक मुरडतात. गाणाऱ्यांनी शब्द बदललेला नाही.

तिसरा क्रमांक

१९७४ चा राष्ट्रीय लोकसंगीत महोत्सव ब्रिस्बेनला होता. गीतस्पर्धेचं पहिलं बक्षीस होतं ३०० डॉलरची ओव्हेशन गिटार. बोगल यांची नजर गिटारवर. दोन गाणी देता येत होती. पहिल्या गाण्याला जेवढ्यास तेवढ्या टाळ्या पडल्या. दुसरं ‘अँड द बँड प्लेड वॉल्ट्झिंग माटिल्डा’. ते संपल्यावर क्षणभर शांतता. नाही आवडलं, असं त्यांच्या मनात आलं, तोच टाळ्यांची लाट उसळली. परीक्षकांनी मात्र तिसरा क्रमांक दिला. श्रोत्यांनी आरडाओरडा केला, आणि त्या आरड्याओरड्याने गाण्याचं जेवढं भलं झालं तेवढं पहिल्या बक्षिसाने झालं नसतं, असं बोगल यांचं स्वतःचं मत.

तिथे ऐकणाऱ्यांत चॅनल आयलंड्सची एक गायिका होती. तिने गाणं मागवून घेतलं आणि दक्षिण इंग्लंडच्या एका महोत्सवात म्हटलं. तिथे ते इंग्लिश लोकगीत गायिका जून टेबर यांच्या कानावर पडलं. टेबर यांनी १९७६ मध्ये ‘एअर्स अँड ग्रेसेस’ या आपल्या ध्वनिमुद्रिकेत ते वाद्यांशिवाय, नुसत्या आवाजात गायलं. इकडे बोगल यांना पत्ताच नाही. ब्रिटनला गेले तेव्हा एका फोक क्लबने ‘त्या गाण्याचे तुम्ही’ म्हणून बोलावलं आणि ते चकित झाले. गाणं त्यांच्या आधी मायदेशी पोचलं होतं.

पुढे द डब्लिनर्स, लियाम क्लॅन्सी, जोन बाएझ, १९८५ मध्ये द पोग्ज, कोणी कोणी गायलं याची यादी लांबलचक आहे. गीतकाराचं नाव मागे पडत गेलं. २००२ मध्ये एका ऑस्ट्रेलियन दैनिकाशी बोलताना बोगल म्हणाले की अनेकांना हे गाणं पारंपरिक वाटतं, तर काहींना वाटतं की मी खंदकात मरता मरता रक्ताने लिहिलं. आणि पुढे असंही म्हणाले की एक दिवस असा यावा की हे कोणी लिहिलं तेच लोक विसरून जावेत.

ही त्यांची जाहीर इच्छा होती. आता अडचणीकडे येऊ.

दुसरं गाणं

१९७५ मध्ये ते उत्तर फ्रान्स आणि फ्लँडर्समधल्या सैनिकी दफनभूमी बघून आले. पुढच्या वर्षी ‘नो मॅन्स लँड’ लिहिलं. वाटसरू एका कबरीशी टेकतो आणि १९१६ मध्ये एकोणिसाव्या वर्षी गेलेल्या विली मॅकब्राइडशी बोलू लागतो. नाव मुद्दाम आयरिश. सत्तरच्या दशकात बॉम्बस्फोटांमुळे ब्रिटनमध्ये आयरिश माणसाकडे संशयाने बघितलं जाई. तुमच्यासाठी आयरिश पोरंही मेली, हे न सांगता सांगायचं होतं. (या नावाचे दहा सैनिक फ्रान्स-बेल्जियममध्ये पडल्याची नोंद आहे. गाण्यातल्या वयाशी आणि सालाशी त्यातला एकही नेमका जुळत नाही. तरी ओतुई इथल्या दफनभूमीत लोक ‘आपला’ विली शोधत जातात.)

चार कडवी आहेत. पहिल्यात ओळख, दुसऱ्यात मागे राहिलेली कोणी प्रिया आणि चौकटीत पिवळा पडत गेलेला फोटो, तिसऱ्यात आजची हिरवी शेतं आणि पांढरे क्रूस. चौथ्यात बोगल मूठ आवळतात : तुम्ही कशासाठी मेलात हे तुम्हाला ठाऊक होतं का, युद्धं संपवणारं युद्ध म्हणून सांगितलं ते तुम्ही खरं मानलंत का, कारण त्यानंतर तेच पुन्हा झालं, आणि पुन्हा. आधीची तीन कडवी म्हणजे या प्रश्नापर्यंत नेणाऱ्या पायऱ्या.

ध्रुवपदात ढोल हळू वाजवला का, बासरी मंद फुंकली का, अशी चौकशी आहे. ती कल्पना बोगल यांची नाही. मरणाऱ्या तरुणाच्या जुन्या लोकगीतांतून, अमेरिकेतल्या काउबॉयच्या गाण्यापर्यंत पोचलेली ती ओळ आहे. ‘फ्लॉवर्स ऑफ द फॉरेस्ट’ हा विलापही तिथे येतो, तो १५१३ मध्ये फ्लॉडनच्या लढाईत झालेल्या स्कॉटलंडच्या पराभवाचा. म्हणजे बोगल यांनी परंपरेच्या पेवातून हक्काने दाणे काढले, आणि त्याच पेवात आपली भर टाकली.

द फ्युरीज आणि डेव्ही आर्थर या आयरिश गायकांनी ते ‘द ग्रीन फील्ड्स ऑफ फ्रान्स’ या नावाने गायलं आणि आयर्लंडमध्ये ते घरोघरी गेलं. नाव बदललं. ध्रुवपदात बंदुकांच्या सलामीच्या जागी शोकसंचलन आलं. एवढ्यावरून काही भांडण झालं नाही. बोगल २००९ मध्ये वेमथच्या कार्यक्रमात एक किस्सा सांगत होते : ब्रिटनचे पंतप्रधान असताना टोनी ब्लेअर यांनी हे गाणं आपली आवडती युद्धविरोधी कविता म्हणून चौकटीत घालून एका मुलीला भेट दिलं. त्यावर कवी म्हणून बोगल यांचंच नाव होतं, आणि ते पहिल्या महायुद्धात मारले गेले असं लिहिलं होतं. सांगताना ते हसवत होते.

अडचण

२०१४. पहिल्या महायुद्धाला शंभर वर्षं. लंडनच्या टॉवरभोवती ८,८८,२४६ चिनीमातीची लाल खसखशीची फुलं रोवली होती, ब्रिटिश साम्राज्याच्या प्रत्येक मृत सैनिकामागे एक. माजी सैनिकांसाठी निधी गोळा करणाऱ्या रॉयल ब्रिटिश लीजनने त्या वर्षीच्या पॉपी (म्हणजे खसखशीच्या फुलाच्या) मोहिमेसाठी ‘नो मॅन्स लँड’ हे गाणं निवडलं. गायिका जॉस स्टोन, गिटारवर जेफ बेक.

गाण्यात चारपैकी दीडच कडवं उरलं होतं. शेवटचं कडवं गायब.

राहिलं काय? कबर, कोवळं वय, ढोल, बासरी, बिगूल. गेलं काय? ‘कशासाठी?’ हा प्रश्न. ब्रिटनमध्ये गदारोळ झाला, लीजनने माफी मागावी म्हणून हजारोंनी सह्या केल्या. आणि सगळ्यांचे डोळे ॲडलेडकडे लागले, जिथे बोगल १९८० च्या दशकापासून राहत होते.

समोरचे पर्याय

पहिला, न्यायालय. ब्रिटनच्या १९८८ च्या कायद्यात लेखकाला आपल्या कृतीची मोडतोड अडवण्याचा नैतिक हक्क आहे. (आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ त्याच जातीचं.) पण कापणं म्हणजे विद्रूप करणं, हे सिद्ध करावं लागतं, आणि ब्रिटनमध्ये असे दावे जिंकलेले फारसे दिसत नाहीत. शिवाय दावा कोणावर? जखमी सैनिकांसाठी झोळी घेऊन उभ्या असलेल्या संस्थेवर. ज्याने पाय गमावलेल्या सैनिकाचं गाणं लिहिलं त्याने हे करायचं! कायद्याआधी जनमतातच दावा हरला असता.

दुसरा, गप्प बसणं. त्यांच्या २००२ च्या इच्छेशी हाच पर्याय सुसंगत. लोक विसरोत म्हणणाऱ्याने मालकी कशाला सांगावी? फ्युरीजना बोलला नाहीत, मग आता का?

तिसरा, उघड नापसंती, पण दावा नाही. यात धोका असा की दोन्हीकडून बोलणी बसतात. युद्धविरोधी मंडळींना ते मिळमिळीत वाटतं, पॉपीवाल्यांना कृतघ्न.

चौथा मला सुचतो, तो तेव्हा कितपत शक्य होता ते बाहेरून सांगता येत नाही : पूर्ण चार कडव्यांचं गाणं त्याच मोहिमेत शेजारी ठेवायला लावणं.

काय केलं

बोगल यांनी तिसरा मार्ग धरला. त्यांचं म्हणणं नेमकं होतं : चार कडवी हळूहळू चढत जाऊन शेवटी युद्धाविरुद्ध ठाम विधान व्हावं असा माझा हेतू होता, आणि त्यातली अडीच काढली की तो हेतूच पुसला जातो. सैनिकांचं धैर्य आणि युद्धातली निव्वळ नासाडी, दोन्ही दाखवणारी, मूळ हेतूशी जास्त इमानी अशी आवृत्ती मला आवडली असती. भाषा शांत होती. गायिकेवर चिखलफेक नाही, संस्थेला शाप नाहीत, कोर्टाची पायरी नाही.

इथे थोडं थांबतो, कारण बहुतेकांनी याला ‘दुटप्पीपणा’ किंवा ‘संयम’ यांपैकी एक शिक्का मारला. मला दोन्ही पटत नाहीत. बोगल कधीच मालकी सांगत नव्हते. नाव विसरा, शीर्षक बदला, सलामीच्या जागी संचलन घाला, मला युद्धात मारून टाका, सगळं चालेल. पण गाणं काय म्हणतं ते उलटू नका. फोक क्लबच्या खोलीतला अलिखित नियमही हाच : चाल तुझी, शब्द थोडे इकडेतिकडे, पण सांगण्याचा मुद्दा खाली पाडायचा नाही. आपल्याकडे अभंगाचं शेवटचं चरण गाळलं तर ‘तुका म्हणे’ जातं, धनी जातो, सांगणं बहुधा उरतं. बोगल यांच्या गाण्यात उलटं झालं. धनी केव्हाच गेलेला होता, शेवटच्या कडव्याबरोबर सांगणंच गेलं.

आणि कापण्यालाही त्यांचा विरोध नव्हता. आठाची पाच कडवी करणारे ते स्वतःच. तेव्हा त्यांनी फापटपसारा काढला आणि टोक ठेवलं. २०१४ मध्ये टोक काढलं.

निष्पत्ती

मोहीम झाली, निधी गोळा झाला, दीड कडव्याचं गाणं आपल्या हंगामापुरतं वाजलं. वाद मात्र वर्तमानपत्रांतून फिरला आणि शेवटच्या कडव्यात काय आहे हे गाणं कधीच न ऐकलेल्यांनाही छापील वाचायला मिळालं. ब्रिस्बेनच्या तिसऱ्या क्रमांकासारखंच झालं म्हणा : निर्णय चुकला आणि चुकल्यामुळेच लक्ष गेलं. याचं श्रेय बोगल यांच्या निवेदनाला किती आणि संतापलेल्या श्रोत्यांना किती, हे वेगळं काढता येत नाही. माझा कल श्रोत्यांकडे. चाळीस वर्षं ज्यांनी चारही कडवी पबमध्ये म्हटली होती, त्यांनीच ती राखली.

वेगळं काय करता आलं असतं

लीजनच्या बाजूने उत्तर सोपं आहे. शेवटचं कडवं पेलत नसेल तर दुसरं गाणं घ्यायचं. मेलेल्यांबद्दल नुसती हळहळ व्यक्त करणाऱ्या गाण्यांची इंग्रजीत वाण नाही. या गाण्याची लोकप्रियता हवी आणि ज्या रागामुळे ते लोकप्रिय झालं तो नको, हा हिशेब जुळत नव्हता.

बोगल यांच्या बाजूने दोन गोष्टी दिसतात. एक व्यवहाराची : दुसऱ्याने गाण्याचा परवाना घ्यावा पण कडवी गाळायला वेगळी संमती लागावी, अशी अट प्रकाशकाशी आधीच करून ठेवता येते. सत्तरच्या दशकातला, संध्याकाळी गाणारा अकाउंटंट असा विचार करेल का? हिशेबनीस असूनही नाही, कारण त्या खोलीत असा विचार करणं शिष्टसंमत नव्हतं.

दुसरी गोष्ट रचनेची, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. बोगल यांचं पहिलं गाणं, ‘माटिल्डा’चं, कापून दाखवा. जमणार नाही. पाय गेले, जहाजातून उतरवलं, लोकांनी तोंडं फिरवली, ही गोष्ट आहे, आणि मधलं एक कडवं काढलं तर पुढच्याचा अर्थ लागत नाही. शिवाय तिथलं ध्रुवपद प्रत्येक वेळी नवी जखम घेऊन येतं, त्यामुळे युद्धविरोध एका जागी साठलेला नाही, सगळीकडे पाझरलेला आहे. ‘नो मॅन्स लँड’ हे बोलणं आहे, एका बाजूचं, कबरीशी. बोलणं कुठेही तोडता येतं. त्यात ध्रुवपद सगळं सोपस्काराचं : ढोल, बासरी, बिगूल, पाइप. गाणं कितीही छाटलं तरी ध्रुवपद कोणी काढत नाही, म्हणून कात्री चालल्यावर सोपस्कार शिल्लक राहिला. ‘पुन्हा झालं, आणि पुन्हा’ हे शब्द ध्रुवपदात असते तर लीजनला ते गाणं एकतर पूर्ण घ्यावं लागलं असतं किंवा सोडावं लागलं असतं.

पण तसं केलं असतं तर तीन कडवी हळूहळू कबरीशी बसून शेवटी उठणारा तो माणूस गाण्यात राहिला नसता. पहिल्या मिनिटालाच घोषणा झाली असती, आणि आयर्लंडच्या पबमध्ये रात्री अकराला, डोळे मिटून, कोणी ते गायलं असतं असं मला वाटत नाही.